राखेखाली राहिलेलं गाव : माया लोकांच्या चुलीपाशी

उंबरठा

जेवणं उरकली होती, भांडी घासायची राहिली होती. काही वाडग्यांच्या तळाला बोटं फिरवून निपटून घेतल्याच्या रेघा अजून तशाच आहेत. झोपायच्या चटया आढ्यापाशी गुंडाळून ठेवलेल्या, म्हणजे अंथरुणं पडली नव्हती. शेतात मका पिकलेला होता आणि धाटं कणसाच्या खाली मोडून कणसं उलटी लोंबती ठेवलेली होती. पावसाचं पाणी कणसात शिरू नये म्हणून तिकडचे शेतकरी आजही असंच करतात. एवढ्या खुणांवरून अभ्यासकांनी वेळ काढली : ऑगस्टच्या सुमाराची एक संध्याकाळ, दिवेलागण होऊन गेलेली. साल इसवी सन ६०० च्या पुढचं-मागचं.

त्या गावाला आज होया दे सेरेन म्हणतात. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर देशात, माया लोकांच्या मुलखाच्या कडेला आहे. गावापासून जेमतेम ६०० मीटरवर, उत्तरेला, लोमा काल्देरा या ज्वालामुखीचं तोंड उघडलं आणि ४ ते ६ मीटर जाडीचे राखेचे थर गावावर चढले. माणसं हातातलं टाकून पळाली. त्या रात्री मेलेलं एकही माणूस तिथे आजवर सापडलेलं नाही. पुढे तेराशेवर वर्षं कुणाला पत्ता नव्हता. १९७६ साली धान्याच्या कोठारासाठी जमीन सपाट करताना बुलडोझरला एका घराची जमीन लागली. १९७८ पासून पेसन शीट्स या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं आणि १९९३ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा स्थळ ठरवलं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं ग्वातेमाला शहरात काढली. तिकाल, कोपान ही माया लोकांची जुनी शहरं पाहिली. उंच देवळं, कोरलेले राजे, सगळं डोळे भरून पाहिलं. पण मनात घर केलं ते सेरेनने. पत्र्याच्या मोठ्या छपरांखाली खोल खड्डे आहेत आणि खाली घरं. कुडाचीच घरं हो! उभ्या काठ्या, त्यावर मातीचा लेप, वर गवताचं शाकारणं. भूकंपाच्या मुलखात ही कुडाची भिंत वाकते पण कोसळत नाही.

एका कुटुंबाचं राहतं घर वेगळं, सामानाची खोली वेगळी, स्वयंपाकघर वेगळं. सामानाच्या खोलीत मडक्यांतून घेवडा आणि कोकोच्या बिया भरलेल्या. वरून मिरच्या टांगलेल्या. एक बदक दोरीने बांधलेलं होतं, ते तिथेच राहिलं. छपराच्या गवतात उंदीर सापडले. आणि त्याच गवतात, डोक्याच्या वर, काळ्या काचेची पाती खोचून ठेवलेली. ऑब्सिडियनची पाती, वस्तऱ्याहून तेज. ती वर का खोचली हे मला कुणी सांगावं लागलं नाही. रांगतं पोर घरात असलं की आपण विळी जिथे ठेवतो तिथेच ती होती.

स्वयंपाकघरात तीन दगडांची चूल. दाणे दळायचा दगडी पाटा, मेताते म्हणतात त्याला, आपल्यासारखा जमिनीवर नाही तर बेचक्याच्या खांबांवर कमरेइतका उंच बसवलेला. बाईला उभ्याने दळता यावं म्हणून.

झाडं कुजून गेली तरी त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राखेत राहिल्या. उत्खनन करणाऱ्यांनी त्यांत प्लास्टर ओतलं, ते घट्ट झाल्यावर राख बाजूला केली. मक्याची कणसं दाण्यांसकट उभी राहिली. घरामागच्या वाफ्यातला घायपात उभा राहिला, ज्याचे दोर वळत. २००७ मध्ये याच रीतीने कसाव्याची, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाची, अख्खी शेतं सापडली. कंद नुकतेच उपटलेले आणि पुढच्या पिकासाठी कांड्या परत मातीत पुरलेल्या होत्या. पुढच्या हंगामाची तयारी करून लोक घरी जेवायला आले होते.

धर्माचं म्हणाल तर गावात राजाचं देऊळ नाही. एका टोकाला एक लहानशी इमारत आहे, जाळीची खिडकी असलेली. तिच्यात सुताची चाती, पाटा अशा वापरून जुन्या झालेल्या, बायकांच्या हातातल्या वस्तू आणि घेवड्याच्या दाण्यांची छोटी रास होती. दाणे टाकून कौल लावणारी बाई तिथे बसत असावी आणि गाऱ्हाणं घेऊन येणारे आपापली वस्तू ठेवून जात असावेत, असं शीट्स यांचं म्हणणं. शेजारच्या इमारतीत हरणाची कवटी मिळाली, लाल रंगवलेली, डोक्यावर बांधायला दोरी लावलेली. सुगीच्या जेवणावळींचं सामान तिथेच असे. थोडं पुढे घामाचं स्नान करायची घुमटी, तेमास्कल. तिची प्रतिकृती तिथे बांधली आहे. मी आत गेले होते. वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं आणि आत गेल्यावर कानात स्वतःचाच श्वास ऐकू येतो.

माया लोकांवरचं बहुतेक लिखाण पिरॅमिडच्या पायथ्याशी सुरू होतं आणि शिखरावर संपतं. मला वाटतं, त्यांचा देव चुलीपाशी होता. पिरॅमिड ही त्या चुलीची मोठी केलेली आवृत्ती. यावर तुम्हा सगळ्यांचं ऐकायचं आहे.

प्राजक्त

ताई, त्या बदकापाशी मी थांबले आणि बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. किती सुंदर लिहिलंय.

चूल आणि पिरॅमिड यांचा संबंध नीट कळला नाही, तो सविस्तर सांगाल का? आणि ते लोक मक्याच्या भाकरी करायचे का?

उंबरठा

प्राजक्त, आधी चूल.

माया काळगणनेत चालू युगाचा पहिला दिवस आपल्या कॅलेंडरप्रमाणे इसवी सन पूर्व ३११४ च्या ऑगस्टमध्ये येतो, सर्वाधिक मान्य गणिताने ११ तारखेला. त्या दिवशी काय घडलं ते ग्वातेमालातल्या किरिग्वा इथल्या एका शिलास्तंभावर कोरलेलं आहे. देवांनी तीन दगड मांडले. कोणी, कुठे मांडले हेही लिहिलं आहे. जगाची सुरुवात म्हणजे तीन दगड मांडणं! आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरात तसेच तीन दगड होते, त्यांवर मडकं होतं.

दुसरं असं की त्यांच्या दगडी देवळाच्या आत गेलात तर वर निमुळती होत गेलेली खोली दिसते. ती गवती झोपडीच्या आतल्या पोकळीसारखीच आहे. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात लाब्ना नावाची जागा आहे, तिथल्या कमानीवर दगडात झोपड्या कोरल्या आहेत, शाकारलेल्या छपरासकट. राजवाड्यावर शोभेला काय कोरावं, तर झोपडी.

जेवणाचं : भाकरीचा तवा अभिजात काळातल्या (साधारण इसवी सन २५० ते ९००) सखल प्रदेशातल्या माया खेड्यांत फारसा सापडत नाही. ते मुख्यतः तमाल खात. मक्याचं ओलं पीठ पानात गुंडाळून वाफवायचं, आत घेवडा, भोपळ्याच्या बिया, कधी मांस. आपल्या पानग्याच्या जवळचा प्रकार. आणि मक्याची पेज, सकाळ-संध्याकाळ.

पण दळण्याआधी एक पायरी आहे आणि तिच्यापुढे मी हात जोडते. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवायचे, मग धुवायचे. साल सुटते, पीठ चिकट होतं, वळता येतं. शिवाय मक्यातलं नायसिन जीवनसत्त्व एरवी शरीराला मिळत नाही, ते या चुन्यामुळे मोकळं होतं. मका युरोपात गेला, पण ही कृती त्याच्याबरोबर गेली नाही. स्पेन आणि उत्तर इटलीतली गरीब माणसं नुसता मका खाऊन पेलाग्राने खंगली. कातडी सोलवटायची, बुद्धी भ्रमायची. ज्या बायकांनी हा चुना शोधला त्यांचं नाव कुठल्याही शिलालेखात नाही.

कोरडवाहू

उंबरठा, पेलाग्राचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. हा आजार दख्खनमध्येही होता. ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरीब मजुरांमध्ये तो आढळे आणि हैदराबादच्या पोषण संस्थेत डॉ. गोपालन यांनी १९६० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाचं प्रमाण हे त्यांनी मांडलेलं कारण. ज्वारीबरोबर डाळ, भाजी, ताक पोटात गेलं तर माणूस ठणठणीत राहतो, नुसत्या भाकरीवर ढकललं की मार खातो.

माया शेतकऱ्यानेही मका एकटा ठेवला नाही. त्यांच्या शेताला मिल्पा म्हणतात. मका, घेवडा, भोपळा एकाच जागी. घेवडा धाटावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं ओल धरून ठेवतात आणि तण दाबतात. जंगल तोडून, वाळवून, पावसाच्या तोंडावर जाळायचं आणि टोकदार काठीने भोक पाडून बी टोकायचं. दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडायची. आपल्याकडे कोकणात डोंगरउतारावर राब भाजतात, त्याची आठवण झाली. तिकडे नांगर नाही, बैल नाही, ओझ्याचं जनावर नाही. सगळं माणसाच्या पाठीवर, कपाळाला पट्टा लावून.

फक्त एक सांगावंसं वाटतं. एवढ्या पद्धतीवर मोठी शहरं जगली नसती. तिकालसारख्या ठिकाणी उतारावर पायऱ्या पाडलेली शेतं, दलदलीत गाळ वर काढून केलेले उंच वाफे, पावसाचं पाणी धरणारे तलाव असं सगळं होतं. विमानातून लेझर सोडून उत्तर ग्वातेमालाच्या जंगलाचं मोजमाप केलं, ते २०१८ मध्ये जाहीर झालं, तेव्हा २,१०० चौरस किलोमीटरहून थोड्या जास्त जागेत ६०,००० वर बांधकामं दिसली. त्यांत शेतीचे बांध आणि कालवेही आहेत. जंगल म्हणून आपण जे पाहतो ते एके काळचं शेत आहे.

पेठेतला_वाचक

उत्तम धागा. एक शंका आदराने विचारतो. महाभारतातला मय दानव मोठा स्थपती होता, पांडवांची मयसभा त्याने बांधली. इकडे माया लोकही अजोड स्थपती. नाव तेच. आपल्याकडून कुणी तिकडे गेलं असेल का? लहानपणी वडिलांकडून हे ऐकलं होतं.

दगडमाती

काका, हे मीही लहानपणी ऐकलं आहे. पुढे पुरातत्त्व शिकले तेव्हा स्वतःशी हा प्रश्न सोडवावा लागला.

ज्यांना आपण आज माया म्हणतो ते सगळे स्वतःला तसं म्हणत नव्हते. ते नाव युकातानमधलं, मायापान नावाच्या शहराच्या परिसरातलं. स्पॅनिश लोक आले तेव्हा त्यांनी ते ऐकलं आणि पुढे विद्वानांनी ते अवघ्या भाषाकुळाला लावलं. डोंगराळ भागातले लोक स्वतःला क्विचे, काक्चिकेल, माम म्हणत आले. म्हणजे सारखं वाटणारं नाव आपणच दूरवर ताणलेलं आहे.

आणि माणसं समुद्र ओलांडून जातात तेव्हा बी-बियाणं घेऊन जातात. तिकडे तांदूळ गेला नाही, ऊस गेला नाही, गाय गेली नाही. तिकडची मिरची, मका, पेरू, पपई आपल्याकडे आले ते पोर्तुगीजांच्या जहाजांनंतर. माया लोकांनी बांधलं ते त्यांच्याच मातीतून उगवलं होतं, शेकडो पिढ्या खपून. त्या कष्टांचं श्रेय त्यांच्याकडेच राहू दे असं मला मनापासून वाटतं.

उंबरठाताई, एक भर. सेरेन माया जगाच्या अगदी आग्नेय कडेला आहे. तिथले गावकरी नेमकी कोणती भाषा बोलत यावर मतभेद आहेत, कारण त्या भागात माया नसलेल्या लेन्का लोकांचीही वस्ती होती. भांडी, घरं, शेती माया शेजाऱ्यांसारखी, एवढं खात्रीने म्हणता येतं.

पेठेतला_वाचक

बियाण्यांचा मुद्दा पटला. वडील असते तर त्यांनाही सांगितला असता. धन्यवाद.

उंबरठा

दगडमाती, बरोबर आहे, मूळ लेखात हे लिहायला हवं होतं. माया रोजच्या जगण्याचं आणखी खात्रीचं चित्र हवं असेल तर कलाकमुल या माया शहरातली भित्तिचित्रं बघा. मेक्सिकोच्या दक्षिणेला, सातव्या शतकातली. एका पायऱ्यांच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवर राजा नाही, लढाई नाही. बाजार आहे! एकजण मोठ्या भांड्यातून पेज वाढतोय, दुसरा वाडगं तोंडाला लावून पितोय. आणि शेजारी चित्रलिपीत लिहिलंय : आह उल, म्हणजे पेजवाला. पुढे तमालवाला, मीठवाला, तंबाखूवाला, मडकीवाला. त्यांच्या भाषेतला तो 'आह' आपल्या 'वाला'सारखाच नावाला चिकटतो, फक्त पुढून. एक बाई निळ्या, पातळ, आतलं अंग दिसेल अशा झग्यात उभी आहे आणि दुसरीच्या डोक्यावर मोठं मडकं चढवायला हात देते आहे. डोक्यावर हंडा चढवताना दुसऱ्या बाईचा हात लागतो हे ज्याने पाहिलं होतं, त्याने ते चित्र काढलं.

ऑस्टिनकर

मी टेक्ससमध्ये राहतो. आमच्या शेजारचं कुटुंब युकातानमधल्या मेरिदाजवळच्या खेड्यातलं आहे. घरात आजी माया भाषेत बोलते, नातवंडं स्पॅनिश आणि इंग्रजीत उत्तर देतात. (आमच्या घरात मराठीचं हेच चालतं.)

गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला हेत्समेकला बोलावलं. बाळाला पहिल्यांदा कडेवर घ्यायचा विधी. तोवर बाळ आडवं धरतात. मुलगी असेल तर तिसऱ्या महिन्यात, कारण चुलीचे दगड तीन. मुलगा असेल तर चौथ्या, कारण मिल्पाचे कोपरे चार. ही मुलगी होती. टेबलावर वही, पेन्सिल, सुई-दोरा, कात्री, चमचा मांडलेला. धर्ममाता बाळाला कडेवर घेऊन टेबलाभोवती फिरत होती आणि प्रत्येक फेरीला एक वस्तू त्या इवल्या मुठीत देऊन ती कशाला वापरतात ते बाळाच्या कानात सांगत होती. सुई हातात दिली तेव्हा धर्ममातेने स्वतःच्या बोटांनी टोक झाकून धरलं होतं.

माझ्या बायकोने हळूच विचारलं, आपण मुलांना कडेवर पहिल्यांदा कधी घेतलं ते तुला आठवतं का? मला आठवलं नाही.

म्हणून 'लुप्त झालेली माया संस्कृती' हे शब्द वाचले की त्रास होतो. लाखो माणसं आहेत. एकट्या ग्वातेमालात २२ माया भाषांना मान्यता आहे. १९६० ते १९९६ च्या यादवीत दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा नाहीशी केली गेली आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. हे सगळं आपल्या हयातीत घडलं.

गणितमित्र

काळगणनेवर कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहितो. माझा हा जिव्हाळ्याचा विषय.

त्यांची मोजणी विसाची. हाताची बोटं आणि पायाची बोटं मिळून एक माणूस. बऱ्याच माया भाषांत 'विनिक' म्हणजे माणूस आणि विसाशी याच शब्दाचं नातं आहे. आमची आजी बाजारातून आली की 'तीन विसा आणि पाच' असा हिशेब सांगायची, तिला हे लगेच समजलं असतं. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शून्यासाठी शिंपल्यासारखं चिन्ह. ग्वातेमालातल्या वाशाक्तुन इथे इसवी सन ३५७ च्या तारखेत शून्य कोरलेलं आहे. आपल्या शून्याशी त्याचा संबंध नाही. दोन दूरच्या मुलखांत माणसांना स्वतंत्रपणे तीच गरज पडली आणि तेच उत्तर मिळालं, हे मला फार मोठं वाटतं.

पंचांगं दोन. एक ३६५ दिवसांचं : विसाचे १८ महिने आणि वर पाच दिवस. ते पाच दिवस अशुभ, त्यांत लोक जपून वागत. दुसरं २६० दिवसांचं : १३ आकडे आणि २० दिवसनावं एकात एक फिरणारी. दोन्ही चक्रं सुरुवातीच्या जागी परत एकत्र यायला १८,९८० दिवस लागतात, म्हणजे ५२ वर्षं.

हे २६० कुठून आले? एक उत्तर असं की बाईला दिवस गेल्यापासून बाळंतपणापर्यंत साधारण एवढेच दिवस जातात. ग्वातेमालाच्या डोंगरात आजही आहक्वीह, म्हणजे दिवस राखणारे, ही गणती चालवतात. मोमोस्तेनांगो गावात या चक्रातल्या 'आठ बात्झ' नावाच्या दिवशी नव्या दिवसराख्यांना दीक्षा देतात. मूल कोणत्या दिवशी जन्मलं त्यावरून त्याचा स्वभाव सांगायचा, लग्नाचा, पेरणीचा दिवस काढायचा. २०१२ ला जग बुडणार म्हणून जी आवई उठली तिचा या लोकांशी काही संबंध नव्हता. १३ बाक्तुनांचा (एक बाक्तुन म्हणजे १,४४,००० दिवस) एक फेरा पुरा होऊन पुढची मोजणी सुरू झाली, एवढंच. पालेन्के या माया शहरातल्या एका शिलालेखात तर इसवी सन ४७७२ पर्यंतची तारीख मोजून ठेवली आहे.

सावली

सगळं वाचते आहे, आवडतंय. पण नरबळीबद्दल अजून कुणीच बोललं नाही. तोही त्यांचा धर्मच होता ना? चुलीपाशी देव होता असं म्हणताना हे विसरायचं का?

उंबरठा

सावली, नाही विसरायचं. मी लिहायला कचरत होते हे खरं.

युकातानमधल्या चिचेन इत्सा या माया शहराच्या पवित्र विहिरीजवळ एका भुयारी टाक्यात मुलांच्या अस्थी सापडल्या होत्या. त्यांतल्या ६४ जणांचा जनुकीय अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. सगळे मुलगे. निदान पाव भाग एकमेकांचे जवळचे नातेवाईक आणि त्यांत जुळ्या भावांच्या दोन जोड्या. माया पुराणकथेत, क्विचे लोकांच्या पोपोल वुह या ग्रंथात, जुळे भाऊ पाताळात उतरून मृत्यूच्या देवांना हरवतात. ती कथा इतकी खरी मानली गेली की खऱ्या जुळ्यांना खाली पाठवलं असावं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही आणि यावर कोणतंही पांघरूण घालायची माझी इच्छा नाही.

पण रक्त फक्त दुसऱ्याचं घेत नव्हते. याशचिलान या माया शहरातली एक दगडी तुळई ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर राणी, काबाल शोक, गुडघे टेकून बसली आहे आणि काटे ओवलेला दोर स्वतःच्या जिभेतून ओढते आहे. तारीख इसवी सन ७०९. खाली टोपलीत रक्ताचे डाग पडलेले कागद. राजा तिच्यावर मशाल धरून उभा आहे. ते कागद नंतर जाळायचे, धूर वर जायचा.

पोपोल वुहमध्ये देव आधी मातीचा माणूस करतात, तो विरघळतो. मग लाकडाचा करतात, तो बोलतो-चालतो पण त्याला कृतज्ञता नाही. अखेर मक्याच्या पिठाचा माणूस होतो. लाकडी माणसांचा नाश होतो तेव्हा त्यांच्यावर कोण उठतं माहीत आहे? त्यांचीच भांडीकुंडी. पाटा म्हणतो, रोज पहाटेपासून तुम्ही मला घासलंत, आता आमची पाळी. तवे आणि मडकी म्हणतात, आम्हाला जाळून काळं केलंत. चुलीचे दगड आगीतून उडून डोक्यात बसतात. घरातल्या वस्तूचंही आपल्यावर ऋण आहे आणि ते फेडलं नाही तर ती उठेल, ही त्यांची समजूत होती. धान्य देवाने स्वतःच्या अंगातून दिलं, तेव्हा परतफेड अंगातूनच. राजाराणीने जिभेतून, शेतकऱ्याने धूप आणि पेज वाहून. आणि काही वेळा, कुणाच्या तरी लेकरातून. हे सगळं एकाच विचारातून आलं. त्यातलं मला जवळचं वाटतं ते आणि अंगावर काटा आणतं ते वेगळं काढता येत नाही.

मेलेली माणसंही दूर नेत नसत. घराच्या जमिनीखालीच पुरत, तोंडात मक्याचं पीठ आणि ऐपत असेल तर हिरव्या जेडचा मणी ठेवून. वर चूल चालूच राही.

सावली

असं उत्तर हवं होतं. पाटा-मडक्यांचा तो प्रसंग मला माहीतच नव्हता. आज भांडी लावताना आठवेल.

दगडमाती

पोपोल वुह आपल्यापर्यंत आलं तेच नशीब. १५६२ च्या जुलैत मानी गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्या जाळल्या. लोकांना फार दुःख झालं, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलं. आज उभ्या जगात चार पोथ्या उरल्या आहेत. आणि गंमत नव्हे, वेदना अशी की त्यानेच उतरवलेल्या अक्षरांच्या अर्धवट यादीवरून १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने लिपी उलगडायला सुरुवात केली. एका पोथीत, माद्रिदच्या, मधमाश्या पाळण्यावर पानंच्या पानं आहेत. त्यांच्या मधमाशीला नांगी नसते. ओंडका पोखरून दोन्ही तोंडं बंद करून तिला घर करून देत. युकातानमध्ये अजून देतात.

घोलवडची_वाडी

उंबरठाताई, मला इतिहासातलं फार कळत नाही, पण मध्ये कुठेतरी वाचलं होतं की आपला चिकू मूळचा त्या जंगलांतला. हे खरं का? आमची तिसरी पिढी चिकूवर आहे. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वाडीत पेढे वाटले होते.

उंबरठा

अगदी खरं! आणि नुसतं फळ नाही. तिकालच्या देवळांच्या दारांवरच्या कोरीव तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत. आठव्या शतकातल्या. पावसाच्या जंगलात बाराशे वर्षं टिकल्या. एक देखणी तुळई आता स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संग्रहालयात आहे. राजा पालखीत बसलेला आणि त्याच्यावर पिसांच्या सापाची कमान.

शिवाय त्याचा चीक. तो आटवला की चघळायचा डिंक होतो. जुने माया लोकही चघळत. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या च्युइंगमसाठी हजारो चिक्लेरो, म्हणजे चीक काढणारे, त्या जंगलात शिरले आणि हरवलेली शहरं त्यांच्याच वाटांवर सापडत गेली. १९३१ मध्ये कलाकमुल विमानातून ज्याच्या नजरेला पडलं तो सायरस लंडेल चिकाच्याच कंपनीसाठी काम करणारा वनस्पतीतज्ज्ञ होता. पेजवाल्याची ती भिंत त्याच कलाकमुलमध्ये आहे.

घोलवडची_वाडी

हे वाचून उठून वाडीत चक्कर मारून आलो.

लाकडाचं म्हणता ते पटलं. वादळात एक जुनं झाड पडलं होतं, आजोबांनी लावलेलं. तोडायला आलेल्या माणसाने दोनदा कुऱ्हाडीला धार लावली. आतून लाकूड तांबडंलाल, ओल्या विटेसारखं. त्याचा एक तुकडा अजून पडवीत आहे, त्याला वाळवी लागलेली नाही.

चीक कसा काढत, ते सांगाल का? आमच्याकडे कच्चं फळ तोडलं की देठातून येतो, हाताला चिकटला की तेल लावल्याशिवाय निघत नाही. पण खोडाला खाच पाडून कुणी काढल्याचं पाहिलं नाही.

उंबरठा

दोर कमरेला आणि खोडाभोवती घेऊन वर चढत जायचं आणि कोयत्याने खोडावर नागमोडी खाचा पाडत जायच्या, एकीचं टोक खालच्या खाचेला मिळेल अशा. चीक त्या वळणांतून खाली बांधलेल्या पिशवीत उतरतो. हे काम पावसाळ्यातच, कारण तेव्हा चीक भरपूर वाहतो. एकदा काढलं की त्या झाडाला काही वर्षं हात लावायचा नाही, नाहीतर ते मरतं. तिकालच्या वाटेवर अशी जुनी झाडं मी पाहिली आहेत. खाचांचे व्रण भरून आलेले, पण बोट फिरवलं तर वळण अजून लागतं.

घोलवडची_वाडी

पावसाळ्यातच ना? आमच्याकडेही पावसात फळ उतरवलं की हात नुसते पांढरे होतात. कडेचं एक झाड फळ देईनासं झालंय, काढायचं होतंच. यंदा पाऊस लागला की त्याला एक खाच पाडून बघतो आणि इथे फोटो टाकतो.